तस्करीची जुनी व्यंगचित्रे कशी वाचावीत : ‘ओग्रॅब्मी’ कासवापासून सुरुवात

एकोणिसाव्या शतकातील तस्करीवरची व्यंगचित्रे आज अनेक संग्रहालयांच्या संकेतस्थळांवर फुकट पाहता येतात. मात्र पहिल्यांदाच ती पाहणाऱ्याला खांद्यावरचे पिंप दिसते, समुद्रात उभे असलेले गलबत दिसते, पात्रांच्या तोंडची वाक्येही कशीबशी लागतात आणि तरीही विनोद हाती लागत नाही. त्यातला विनोद बहुतेक वेळा एखाद्या जकातीवर किंवा कायद्याच्या कलमावर बेतलेला असतो आणि ते कलम रद्द होऊन दोनशे वर्षे लोटलेली असतात. त्यामुळे अशी चित्रे वाचण्याची एक पद्धत लागते. पुढे दिलेली पद्धत अगदी नवख्या वाचकासाठी आहे आणि तिचा सगळा भर एका प्रश्नावर आहे : किनाऱ्यावर कायदा राबवणारा माणूस या चित्रात कुठे उभा आहे?

सुरुवातीला चित्रांचा ढीग गोळा करू नये. एकच चित्र निवडावे आणि त्याच्यापाशी थांबावे. त्यासाठी माझी शिफारस आहे अमेरिकेतील ‘ओग्रॅब्मी’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कासवाच्या चित्राची. ते अलेक्झांडर अँडरसन याचे मानले जाते. अँडरसन (१७७५–१८७०) न्यूयॉर्कचा. त्याने वैद्यकाची पदवी घेतली होती, पण पुढे तो व्यवसाय सोडून तो खोदकामाकडे, म्हणजे छपाईसाठी चित्रे कोरण्याकडे, वळला आणि अमेरिकेतील काष्ठखोदकामाचा आद्य कारागीर म्हणून नावाजला गेला. चित्र साधे आहे, त्यात गर्दी नाही, आणि शिकण्यासाठी हवे ते सगळे त्यात आहे.

पहिली पायरी म्हणजे अक्षरांकडे न पाहता केवळ चित्र पाहणे आणि जे दिसते ते चार-पाच वाक्यांत लिहून काढणे. या चित्रात पाणकाठ आहे. एक माणूस पिंप घेऊन पाण्याच्या दिशेने निघाला आहे. मागून आलेल्या एका मोठ्या कासवाने त्याच्या विजारीचा मागचा भाग जबड्यात घट्ट धरला आहे. पलीकडे ब्रिटिश जहाज वाट पाहत आहे. एवढे लिहून झाल्यावर, चित्रात कोण नाही, तेही लिहावे. शिपाई नाही, बंदूक नाही, जकात अधिकारी नाही, सरकारी नौकाही नाही. ही नोंद आत्ता निरर्थक वाटेल, पण ती खोडू नये, पुढे तिचेच काम पडणार आहे.

त्यानंतर अक्षरे वाचावीत. त्या काळच्या छापांमध्ये, म्हणजे छापून विकल्या जाणाऱ्या चित्रांमध्ये, पात्रांची वाक्ये तोंडातून निघालेल्या फुग्यांत किंवा नुसती डोक्याजवळ लिहिलेली असतात, शिव्यांची मधली अक्षरे गाळून तिथे आडवी रेघ मारलेली असते आणि इंग्रजी ‘एस’ हे अक्षर जुन्या वळणाचे असले तर ते ‘एफ’सारखे दिसून घोटाळा होतो. म्हणून चित्र मोठे करून प्रत्येक शब्द जसाच्या तसा उतरवून घ्यावा, अर्थ मागाहून लावावा. आपल्या चित्रात पिंपवाला ओरडतो, ‘हे मेलं ओग्रॅब्मी!’ आणि दुसऱ्या एका माणसाच्या तोंडी, ‘काय पकडतंय हे लेकांना!’ अशा अर्थाचा शिवीसकट उद्गार आहे. ओग्रॅब्मी हे नाव कोणत्याही कोशात सापडणार नाही. ‘एम्बार्गो’ म्हणजे व्यापारबंदी, या शब्दाची इंग्रजी अक्षरे शेवटाकडून वाचली की हे नाव तयार होते आणि ते तोडून म्हटले तर ‘ओ, ग्रॅब मी’, म्हणजे ‘अरे, धरा मला’, असेही ऐकू येते. त्या काळी वर्तमानपत्रांतून या शब्दाची अशी उलटापालट सर्रास चाले. कासव म्हणजे व्यापारबंदीचा कायदा, एवढे इथे कळते, आणि बहुतेक जण इथेच थांबतात.

थांबू नये. यापुढची पायरी सर्वांत कष्टाची आणि सर्वांत फलदायी आहे : कायदा शोधणे आणि त्यावरून चित्राचा काळ तपासणे.

१८०७ साली इंग्लंड आणि नेपोलियनचा फ्रान्स यांच्यात युद्ध चालू होते. दोघेही एकमेकांचा व्यापार तोडण्यासाठी तटस्थ देशांची जहाजे अडवत होते. ब्रिटिश नौदल तर अमेरिकी जहाजांवरून खलाशी उचलून नेत होते. जूनमध्ये ‘लेपर्ड’ या ब्रिटिश युद्धनौकेने ‘चेसापीक’ या अमेरिकी नौकेवर तोफा डागून तिच्यावरची माणसे काढून नेली. राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसन यांना युद्ध नको होते. आपला माल आणि आपली जहाजेच बाहेर पाठवायची नाहीत, म्हणजे युरोपला अद्दल घडेल, असा त्यांचा हिशेब होता. २२ डिसेंबर १८०७ रोजी व्यापारबंदीच्या कायद्यावर सही झाली आणि अमेरिकी जहाजांना परदेशी बंदरांकडे निघण्याची मनाई झाली. देशातल्या देशात, एका बंदरातून दुसऱ्या बंदरात माल नेण्यास मुभा राहिली, पण त्यासाठी जहाज आणि माल यांच्या किमतीच्या दुप्पट रकमेचे हमीपत्र लिहून द्यावे लागे. परिणाम असा झाला, की अमेरिकेची निर्यात १८०७ मधील सुमारे १०.८ कोटी डॉलरवरून १८०८ मध्ये सुमारे २.२ कोटी डॉलरवर घसरली. हात दाखवून अवलक्षण, असेच हे अमेरिकेच्या ईशान्येकडील न्यू इंग्लंड भागातल्या व्यापाऱ्यांना वाटले आणि त्यांनी ते उघडपणे बोलून दाखवले.

आता चित्राखालच्या सालाकडे यावे. अनेक ठिकाणी या चित्राखाली १८०७ असे छापलेले आढळते. पण कायद्यावर सही झाली तेव्हा त्या वर्षाचे अवघे नऊ दिवस उरले होते. त्या नऊ दिवसांत कायदा बंदराबंदरांत पोहोचणार, व्यापारी त्यातून पळवाट काढणार, ते पकडले जाणार आणि हे पकडणे लोकांच्या इतके परिचयाचे होणार की त्यावर कासवाचा विनोद रचता येईल, हे काही केल्या पटत नाही. शिवाय तस्करी रोखणारी जाचक कलमे १८०८ मध्ये टप्प्याटप्प्याने आली. जानेवारीत मासेमारी आणि किनारी वाहतूक करणाऱ्या छोट्या नौका कायद्याच्या कक्षेत आल्या. एप्रिलमध्ये बंदरावरच्या जकात अधिकाऱ्याला केवळ संशयावरून जहाज अडवून ठेवण्याचा अधिकार मिळाला आणि परदेशी हद्दीला लागून असलेल्या भागांत माल नेण्यासाठी राष्ट्राध्यक्षांची खास परवानगी लागू लागली. जानेवारी १८०९ मध्ये तर हमीपत्राची रक्कम किमतीच्या सहापट झाली आणि सैन्य वापरण्याचीही सोय केली गेली. मार्च १८०९ मध्ये सगळा कायदाच गुंडाळला गेला. माझ्या मते हे चित्र १८०७ पेक्षा त्यानंतरच्या वर्षाच्या वातावरणात चपखल बसते. नवख्या वाचकाने यातून एवढीच सवय लावून घ्यावी, की चित्राखाली कोणीतरी मागाहून छापलेले साल हा पुरावा मानायचा नाही. कायद्याच्या तारखा एका कागदावर उभ्या मांडाव्यात आणि चित्र त्यांत कुठे बसते ते पाहावे.

मालाकडेही असेच बारकाईने पाहावे. पिंपावर ‘सुपरफाइन’ असा शब्द आहे. काही वर्णनांत या पिंपात तंबाखू असल्याचे सांगितले जाते. मला ते तितकेसे पटत नाही. सुपरफाइन हा त्या काळी गव्हाच्या पिठाचा उत्तम दर्जा होता आणि तपासणी झाल्यावर पिठाच्या पिंपांवर दर्जाचा असा शिक्का मारला जाई. आणि १८०८ च्या तस्करीत पिठाचे स्थान मोठे होते. नकाशात अमेरिकेचा ईशान्य कोपरा काढावा. तिथे पॅसामाक्वॉडी नावाचा उपसागर आहे. त्याच्या एका बाजूला आज मेन राज्यात असलेले, पण तेव्हा मॅसॅच्युसेट्समध्ये मोडणारे ईस्टपोर्ट गाव आणि समोर हाकेच्या अंतरावर ब्रिटिश हद्दीतील कँपोबेलो बेट. देशांतर्गत वाहतूक या नावाखाली पिठाची पिंपे ईस्टपोर्टला उतरवायची आणि रात्री किंवा दाट धुक्यात होडीतून पलीकडे पोहोचवायची, हा तिथला शिरस्ता झाला. ज्या गावात मूठभर माणसे राहतात, तिथे हजारो पिंपे पीठ कशाला लागते, हे कोणालाही कळत होते. सरकारने गरजेपुरते पीठ आणण्यासाठी राज्यपालांना दाखले देण्याची मुभा दिली, तर मॅसॅच्युसेट्सच्या राज्यपालांनी ते दाखले इतक्या सढळ हाताने वाटले की जेफरसन वैतागले. हे ठाऊक असले म्हणजे चित्रातले पिंप हे केवळ चोरट्या मालाची खूण न राहता, त्या वर्षातील सर्वांत चर्चेतला माल ठरते.

आता मघाच्या नोंदीकडे वळू. कायदा राबवणारा माणूस कुठे आहे? प्रत्यक्षात तो होता. प्रत्येक बंदरावर जकात जमा करणारा अधिकारी होता, त्याला कलेक्टर म्हणत. १७९० साली अर्थमंत्री अलेक्झांडर हॅमिल्टन यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली महसुली नौकांची तुकडी होती. १८०८ मध्ये अर्थखाते सांभाळणारे अल्बर्ट गॅलेटिन या सगळ्या यंत्रणेच्या मागे लागलेले होते. पण चित्रकाराने या सर्वांना वगळून त्यांच्या जागी एक प्राणी ठेवला आहे. यातून त्याला दोन गोष्टी साधता आल्या. एक म्हणजे कायद्याला चेहरा उरला नाही. कासवाशी वाद घालता येत नाही, त्याला चिरीमिरी देता येत नाही आणि ते पाठीमागूनच धरते. दुसरी गोष्ट अशी, की हसू कोणावर येते हे निसरडे झाले. विरोधकांनी या व्यापारबंदीला आपणहून पाठीच्या ढालीत शिरून बसण्याचे धोरण म्हणून हिणवले होते, तेव्हा कासव ही चेष्टा खरीच. पण चित्रातले कासव ढालीत शिरलेले नाही, ते चावते आहे, आणि ज्याला चावते तो शत्रूच्या जहाजाला माल पुरवतो आहे. हे चित्र सरसकट कायद्याविरुद्धचे आहे, असे बहुतेक वर्णनांत म्हटलेले असते. मला ते दुधारी वाटते. नवख्या वाचकाने कोणती बाजू घ्यायची ते स्वतः ठरवावे, मात्र त्याआधी ‘काय पकडतंय हे लेकांना’ म्हणणारा माणूस चिडून बोलतो आहे की कौतुकाने, हे चेहरा मोठा करून पाहावे.

चित्रात नसलेल्या माणसांची खरी हकीकत वाचली, की विनोदाची मर्यादाही कळते. व्हरमाँटमधील शँप्लेन सरोवरावर ‘ब्लॅक स्नेक’ नावाची एक तस्करांची नौका कॅनडात राखेपासून केलेला पोटॅश पोहोचवत असे. ऑगस्ट १८०८ मध्ये ‘फ्लाय’ या महसुली नौकेने तिला विनूस्की नदीत गाठले. तिथे झालेल्या गोळीबारात तीन माणसे ठार झाली आणि त्यापायी सायरस डीन या तस्कराला त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये जाहीर फाशी देण्यात आली. कासव विजार फाडते, त्याच वर्षी सरोवरावर माणसे मरत होती. व्यंगचित्राला पुरावा म्हणून वापरणाऱ्याने ही दुसरी बाजू शेजारी ठेवलीच पाहिजे, नाहीतर तस्करी म्हणजे पिंप, होडी आणि फाटकी विजार एवढाच खेळ होता असा समज होतो.

एक चित्र असे पचवल्यावर इंग्लंडच्या छापांकडे जावे. तिथे साल काढणे पुष्कळ सोपे आहे, कारण १७३५ च्या कायद्याने खोदचित्राचा हक्क राखायचा असेल तर त्यावर प्रकाशकाचे नाव आणि तारीख घालणे बंधनकारक झाले होते. ही बारीक ओळ चित्राच्या खालच्या कडेला असते. संकेतस्थळावरच्या प्रतीत कडा कापलेल्या असतील तर दुसऱ्या संग्रहालयाची प्रत शोधावी. ओळीत थॉमस टेग, चीपसाइड (लंडनमधला एक रस्ता), असे नाव दिसले तर तो स्वस्त माल समजावा. टेग रंगीत चित्र एक शिलिंगला विकत असे. सेंट जेम्स स्ट्रीटवरील हॅना हम्फ्री यांचे दुकान मात्र धनिकांच्या वस्तीतले होते. रंग हाताने भरलेले असल्यामुळे एकाच छापाच्या दोन प्रतींत कोटाचा रंग वेगळा असू शकतो. म्हणून केवळ रंगावरून गणवेश ओळखण्याच्या फंदात पडू नये.

थॉमस रोलँडसन (१७५७–१८२७) याने १८१० मध्ये टेगसाठी केलेल्या एका चित्रात एका तरुणीच्या कपड्यांखाली चोरटा माल बांधून तिला ‘सज्ज’ केले जात आहे. आपला प्रश्न इथेही विचारावा. कायद्याचा माणूस इथेही नाही. तो पुढे बंदरावर भेटणार आहे आणि त्याला या घेरदार कपड्यांची झडती घेण्याचा धीर होईल का, यावरच सारा विनोद उभा आहे. रोलँडसनच्या छापांत आणखी एक सापळा आहे. त्याच वर्षातील त्याच्या काही चित्रांच्या नावात ‘स्मगलिंग’ हा शब्द येतो, पण माल असतो माणसांचा. कोणी प्रेयसीला पळवून लग्नासाठी स्कॉटलंडमधील ग्रेटना ग्रीनकडे निघालेला असतो, तर कोणी तिला चोरून महाविद्यालयाच्या खोलीत घेत असतो. केवळ नावावरून शोध घेणाऱ्याच्या यादीत अशी चित्रे हटकून शिरतात. ती बाजूला काढावीत, पण फेकून देऊ नयेत, कारण तस्करी हा शब्द लंडनच्या ग्राहकाला किती निरुपद्रवी, किंबहुना गंमतीचा वाटत होता, हे त्यांतूनच कळते.

इंग्लंडच्या आग्नेयेकडील केंट आणि ससेक्सच्या किनाऱ्यावर तो शब्द तसा नव्हता. नेपोलियनशी युद्ध संपल्यावर बेकार झालेले खलाशी आणि चढी जकात यांमुळे तिथे ब्रँडी, जिन आणि तंबाखूची तस्करी बोकाळली. ती मोडण्यासाठी कॅप्टन मॅक्युलॉक यांच्या हाताखाली नौदलाच्या माणसांची ‘कोस्ट ब्लॉकेड’ ही किनारी नाकेबंदी १८१६-१७ पासून १८३१ पर्यंत चालली. चाबकाच्या शिक्षेमुळे मॅक्युलॉक यांना ‘फ्लॉगिंग जोई’ असे नाव पडले होते. १८२१ मध्ये रॉम्नी मार्शमधील ब्रुकलंडजवळ ऑल्डिंग्टनच्या टोळीशी नाकेबंदीवाल्यांची सरळसरळ लढाई झाली. पुढे १८२६ मध्ये त्या टोळीचा म्होरक्या जॉर्ज रॅन्सली पकडला गेला आणि त्याला टास्मानियाला धाडण्यात आले. चार गॅलनची दोन पिंपे छातीपाठीवर दोरीने अडकवून रात्रभर चालणारे शेतमजूर हे या धंद्याचे खरे हमाल होते. लंडनच्या दुकानांत खिडकीला लागणाऱ्या छापांत मात्र हा मजूर फारसा नजरेस पडत नाही. तिथे ग्राहक दिसतो, देखणी स्त्री दिसते, फजीत झालेला जकातवाला दिसतो. छाप विकत घेणारा माणूस स्वतः चोरून आणलेली लेस आणि ब्रँडी वापरणारा होता, हे ध्यानात घेतले की ही निवड का झाली ते वेगळे सांगायला नको. १८२२ मध्ये कोस्टगार्डची स्थापना झाली आणि १८४० नंतर जकाती झपाट्याने उतरल्या, तसा हा विषयही सौम्य होत गेला. १८४१ मध्ये सुरू झालेल्या ‘पंच’ या विनोदी साप्ताहिकाचे अंक चाळताना हे लक्षात ठेवावे.

मराठी वाचकाला घराजवळचा धागा हवा असेल, तर तो अफूच्या चित्रांत सापडेल. १८३९ मध्ये चिनी अधिकारी लिन झेशू यांनी कँटनजवळ हूमेन इथे वीस हजारांहून अधिक पेट्या अफू नष्ट केली. त्यानंतरच्या युद्धावर फ्रेंच चित्रकार ग्रँडव्हिल याचे म्हणून ओळखले जाणारे एक चित्र ‘ल शारिवारी’ या पत्राशी जोडले जाते. त्यात इंग्रज चिनी माणसाला हे विष मुकाट्याने विकत घेण्याचा हुकूम सोडतो. त्या अफूतला मोठा वाटा माळव्याचा होता. शिंदे आणि होळकर यांच्या मुलखातून ती मुंबईला येई, आणि ईस्ट इंडिया कंपनीचा कर चुकवण्यासाठी कित्येक काफिले मुंबईला वळसा घालून पोर्तुगीजांच्या दमणमधून माल बाहेर काढत. म्हणजे चीनच्या किनाऱ्यावर तस्करीचा ठरणारा माल वाटेत कंपनीच्या दृष्टीनेही एकदा तस्करीचा ठरून गेलेला असे. ग्रँडव्हिलच्या चित्राला आपला नेहमीचा प्रश्न विचारला, तर त्याचे उत्तर अमेरिकी किंवा लंडनच्या छापांहून वेगळे येते. इथे किनाऱ्याचा कायदा चीनचा आहे आणि त्याच्यावर गुरकावणाऱ्या तस्कराच्या पाठीशी एक सरकार उभे आहे.

नोंदी ठेवताना प्रत्येक चित्रासाठी एक पान पुरते. त्यावर संग्रहालयाचा क्रमांक आधी लिहावा, कारण एकच चित्र वेगवेगळ्या नावांनी फिरत असते. ब्रिटिश म्युझियममधील व्यंगचित्रांची जी सूची डोरोथी जॉर्ज यांनी १८३२ पर्यंत आणून पुरी केली, तिचे क्रमांक अभ्यासक सर्वत्र वापरतात. त्याखाली अक्षरे जशीच्या तशी, मग कायद्याची तारीख, मग माल, आणि शेवटी अधिकाऱ्याची जागा. मत सर्वांत खाली लिहावे आणि ते पेन्सिलीने लिहावे.

सरावासाठी दुसरे चित्रही कासवाचेच घ्यावे. डिसेंबर १८१३ मध्ये राष्ट्राध्यक्ष जेम्स मॅडिसन यांनी पुन्हा एकदा व्यापारबंदी आणली आणि एप्रिल १८१४ मध्ये ती उठवावी लागली. त्यावर जॉन वेस्ली जार्व्हिस याने रचलेले आणि अँडरसनने खोदलेले चित्र न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रात आले. त्यात कासवाचे मुंडके धडावेगळे झाले आहे, तरी त्या मुंडक्याने खुद्द मॅडिसन यांचा अंगठा सोडलेला नाही. पहिल्या चित्रात ज्या जागी पिंपवाला होता, तिथे या वेळी कोण आहे, एवढ्यापासून वाचनाला सुरुवात करावी.